सुटी सिगारेट: एका बंदीची पार्श्वभूमी

२४ सप्टेंबर २०२० ला महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी आली. करोनाची पहिली लाट चालू होती, निम्म्या टपऱ्यांना टाळं होतं, त्यामुळे आदेशाची फारशी चर्चा झाली नाही. आज ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या नाक्यावर, नवी मुंबईत महापे-घणसोलीच्या कंपन्यांच्या गेटबाहेर किंवा वाशीच्या मार्केटमागे पाहिलं तर गिऱ्हाईक एकच सिगारेट मागतं आणि टपरीवाला उघड्या पाकिटातून एकच काढून देतो. सिगारेट सोडू पाहणाऱ्याच्या दृष्टीनं ही बंदी गेल्या काही वर्षांतला सगळ्यात नेमका निर्णय होता, आणि सगळ्यात कमी पाळला गेलेलाही तोच आहे.

जुना इतिहास थोडक्यात. तंबाखू पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदुस्थानात आली, आणि ठाणे-वसईचा मुलूख १७३७-३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. चिलीम, हुक्का, तपकीर, मिश्री असे तिचे प्रकार घरोघर रुजले. पानाच्या विड्यावरून विडी हा शब्द आला. या भागातल्या आजच्या सवयीला वळण लागलं ते मात्र १९६० च्या दशकापासून, कारखान्यांमुळे. वागळे इस्टेट उभी राहिली, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायनांचे कारखाने आले. सॉल्व्हंटची, म्हणजे रसायनं विरघळवणाऱ्या द्रवाची, वाफ एका ठिणगीनं पेट घेते, म्हणून अशा कारखान्यात काडेपेटी आणि लायटर गेटवरच काढून ठेवावे लागतात. पाळी आठ तासांची. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे विडी ओढणाऱ्याची तलफ पाळी अर्ध्यावर येण्याआधीच जोर धरते. मग खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी येते. गेटच्या आत मळलेली तंबाखू, गेटबाहेर विडी किंवा सिगारेट, अशा दोन सवयी एकाच माणसाला लागतात.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरणारे. म्हणून 'मी सिगारेट सोडली' हे वाक्य आपल्याकडे नीट तपासून घ्यावं लागतं. सिगारेट गेली आणि पुडी राहिली तर धूर थांबतो, निकोटिन चालूच राहतं, आणि तोंडाच्या कर्करोगाची टांगती तलवारही तशीच राहते.

कायद्याचा प्रवास बहुतेकांना माहीत आहे. १९७५ च्या कायद्यानं पाकिटावर वैधानिक इशारा आला. २००३ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना विक्री आणि शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत विक्री बंद केली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानावर दोनशे रुपयांपर्यंतचा दंड कडकपणे लागू झाला. ३१ मे २००९ पासून पाकिटावर चित्र आलं, १ एप्रिल २०१६ पासून त्यानं पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून त्याच चित्राखाली मोफत सल्ल्याचा क्रमांक छापला जाऊ लागला: १८००-११-२३५६. २०१९ मध्ये ई-सिगारेटवर देशभर बंदी आली. हे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. इशारा, चित्र, क्रमांक हे सगळं पाकिटावर आहे, आणि सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट कधी येतच नाही.

इथेच 'पाकीट' या शब्दाचा गुंता आहे. २००३ च्या कायद्याचं कलम ७ म्हणतं की ज्या वेष्टनावर ठरवून दिलेला इशारा नाही ते विकता येणार नाही. वेष्टन म्हणजे खोका, डबा, कागद असं काहीही. विक्रेत्यांची बाजू अशी की पाकीट इशाऱ्यासकट दुकानात आलं, गल्ल्यावर इशाऱ्यासकटच पडलं आहे, त्यातली एक काढून दिली तर कलम कुठे मोडलं? दुसरी बाजू अशी की इशारा गल्ल्यासाठी नाही, ओढणाऱ्यासाठी आहे. गिऱ्हाइकाला मिळाली ती वस्तू इशाऱ्याशिवाय मिळाली, म्हणजे विक्रीच इशाऱ्याशिवाय झाली. महाराष्ट्राच्या आदेशानं याच कलमाचा आधार घेऊन हा दुसरा अर्थ धरला, आणि तोच बरोबर आहे. कायद्याचा हेतू पाहिला तर पहिला अर्थ टिकत नाही. कलम २० नुसार विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका सिगारेटीसाठी खटला उभा करायला कोण वेळ देणार, हा साधा प्रश्न अंमलबजावणीच्या आड येतो.

विरोधात एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो बाजूला सारू नये. कमी करत चाललेला माणूस मुद्दाम सुटी घेतो. घरात दहा सिगारेटींचं पाकीट असलं तर रात्री अकरालाही हात जातो, नसलं तर टपरीपर्यंत चालत जावं लागतं. बंदी पाळली गेली तर अशा माणसाला दहाचं पाकीट घ्यावं लागेल. तरीही पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण सुटी मिळते म्हणून सुरुवात होते. कॉलेजच्या मुलाला पूर्ण पाकिटाचे पैसे जड जातात, एकीचे जात नाहीत. आणि कमी करण्यात एक फसगत असते. दिवसाच्या बारावरून सहावर आलेला माणूस उरलेल्या सहा खोल झुरक्यांनी, थोटूक बोटांना चटका देईपर्यंत ओढतो. एका सिगारेटीतून साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन अंगात जातं, अशा ओढण्यानं ते वाढतं. आकडा निम्मा होतो, निकोटिन निम्मं होत नाही.

टपरीच्या खांबाला पूर्वी सुंभ टांगलेला असे, टोकाला निखारा धुमसत असलेला. सुटी घेणाऱ्याकडे काडेपेटीही नसे, म्हणून ही सोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण तिथे डोळ्यांसमोर असायची. आता त्या जागी दोऱ्याला बांधलेला लायटर लोंबतो. पेटवण्याची सोय टपरीवरच असल्यानं ओढणाऱ्याच्या घरी सिगारेटीची एकही खूण राहत नाही. त्याच्या स्वतःच्या हिशेबातही ती धड येत नाही.

हा हिशेब सोडण्याच्या कामात फार महत्त्वाचा आहे. 'दिवसाला किती?' या प्रश्नाला 'पाकीट नाही घेत' असं उत्तर मिळतं, आणि औषधाची मात्रा तिथेच चुकते. सात दिवस प्रत्येक सिगारेटीची वेळ फोनमध्ये टिपावी, तंबाखूची चिमूटही सोडू नये. सगळ्यात महत्त्वाची नोंद म्हणजे उठल्यापासून पहिली किती वेळानं. अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिलिग्रॅमचा निकोटिन गम (तलफ भागवण्यासाठी चघळायचा, निकोटिन असलेला च्युइंगगम), नंतर असेल तर २ चा. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ ला डॉक्टरची चिठ्ठी लागते. त्यामुळे जास्त ओढणारेही २ वरच भागवतात आणि आठवड्यात 'उपयोग नाही' म्हणून टाकून देतात.

गम १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झाला. पाणबुडीत धूम्रपान करता न येणाऱ्या खलाशांची तलफ हे त्यामागचं निमित्त होतं. गेटवर काडेपेटी ठेवून आठ तास आत जाणाऱ्याची अडचण याहून वेगळी नाही. तंबाखूत चुना ज्या कारणानं मळतात त्याच कारणानं गममध्ये क्षार घातलेला असतो. तोंडात क्षारता असली की निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात शिरतं, आंबटपणा असला की शिरत नाही. म्हणून चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना घ्यायचं नाही. चारच्या कटिंगबरोबर सिगारेट लागत असेल तर सव्वातीनला गम तोंडात टाकावा, पावणेचारला थुंकून कागदात गुंडाळावा, चारला चहा घ्यावा. तोवर निकोटिन रक्तात पोचलेलं असतं. सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत जातं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात; तलफ आल्यावर गम शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

चघळायची रीतही ठरलेली आहे. हळूहळू चावायचा, जिभेला तिखट झिणझिण्या आल्या की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, चव उतरली की पुन्हा चार-पाचदा चावायचा, बाजू बदलायची. असं अर्धा तास. सुपारीची सवय असलेले लोक तो सुपारीसारखा भराभर चावतात. मग निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळ होते, आणि पोटात गेलेल्यापैकी बरंचसं यकृतातच मोडून जातं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला निदान नऊ. पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी. दिवसाला चोवीसच्या वर नाही. गरोदरपण असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर आधी डॉक्टरला विचारावं.

पॅच म्हणजे अंगाला चिकटवायची निकोटिनची पट्टी. त्याचं तत्त्व सोपं आहे, पण इथल्या घामट हवेत तो सुटतो. अंघोळीनंतर दंड पूर्ण कोरडा करून, केस नसलेल्या जागी लावावा आणि तळव्यानं दहा सेकंद दाबून धरावा. जागा रोज बदलावी. दिवसाला दहाहून जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग १४, मग ७. रात्री भलतीच स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवावा. पॅच आणि जोडीला गम हे दोन्हींपैकी एकट्या उपायापेक्षा जास्त चालतं, डॉक्टरच्या सल्ल्यानं.

सोडल्यानंतरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतो. त्यातली झोप उडणं पुष्कळदा चहाकॉफीमुळे असतं. धुरातली काही रसायनं यकृताला कॅफीन लवकर मोडायला लावतात. धूर थांबला की तेच चार कप रक्तात जास्त वेळ राहतात. चार कप असतील तर दोनवर यावं.

सुट्या विक्रीवर देशभर बंदीची तरतूद २००३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीच्या २०१५ च्या मसुद्यात होती, २०२० च्या अखेरीस तयार झालेल्या मसुद्यातही होती. विक्रेत्यांच्या आणि उत्पादकांच्या विरोधापुढे दोन्ही वेळा ती पुढे सरकली नाही. महाराष्ट्रात आदेश आहे. टपरीवर पाकीट विक्रेत्याच्या हातात उघडं असतं, १८००-११-२३५६ हा आकडा त्याच्याकडे तोंड करून, आणि गिऱ्हाईक एक सिगारेट घेऊन दोऱ्याच्या लायटरकडे वळतं.