गुरूवरील आघाताच्या डागांचे निरीक्षण

गुरूवर धूमकेतू किंवा लघुग्रह कोसळल्यावर मागे राहणाऱ्या काळ्या डागाची जागा, आकार आणि विरत जाणे नोंदवण्याचे काम. गुरूला घट्ट पृष्ठभाग नाही, म्हणून तेथे विवर पडत नाही. वातावरणात घुसलेला तुकडा फुटतो, तप्त वायूचा लोळ उसळतो आणि परत खाली येताना काजळीसारखी बारीक धूळ ढगांच्या बऱ्याच वर पसरवतो. डाग म्हणून दिसते ती हीच धूळ.

शुमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू १९९२ मध्ये गुरूजवळून जाताना फुटला आणि मार्च १९९३ मध्ये सापडला. १६ ते २२ जुलै १९९४ या काळात त्याचे तुकडे सेकंदाला सुमारे ६० किमी वेगाने गुरूच्या दक्षिण गोलार्धात पडले. आघात झाले ते पृथ्वीवरून दिसणाऱ्या गुरूच्या कडेच्या जरा पलीकडे. लखलखाट थेट टिपला तो गॅलिलिओ यानाने, पण गुरूच्या फिरण्यामुळे थोड्याच वेळात डाग पृथ्वीसमोर आले. ‘जी’ तुकड्याचा डाग जवळजवळ पृथ्वीएवढा होता. लहान दुर्बिणीतूनही असे डाग सुप्रसिद्ध तांबड्या डागापेक्षा ठळक दिसत. खुणा काही महिने टिकल्या.

पुण्याच्या दृष्टीने डागाचे हे टिकणे फार मोलाचे. जुलै म्हणजे येथे भर पावसाळा. काही सेकंदांची चमक ढगाआड हुकली तर ती पुन्हा मिळत नाही. डागासाठी मात्र एखादी उघडीप पुरते. गुरूचे एक परिवलन सुमारे ९ तास ५६ मिनिटांचे. त्यामुळे आज रात्री ८ वाजता गुरूच्या बिंबाच्या मधोमध, उभ्या मध्यरेषेवर असलेला डाग परवा रात्री साडेनऊच्या सुमारास पुन्हा तेथेच येतो. हे गणित हाती असले की गच्चीवरूनही पाठपुरावा करता येतो. १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींच्या आवाक्यातले हे काम आहे. आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेची गिरवली येथील २ मीटरची दुर्बीण २००६ मध्ये, म्हणजे त्या आघातांनंतर बारा वर्षांनी सुरू झाली.

ओळखण्यात घोटाळा होतो तो उपग्रहांच्या सावल्यांशी. सावली काटेकोर गोल असते, दोन-तीन तासांत बिंब ओलांडून जाते आणि पुढच्या फेरीला त्या जागी नसते. डाग ढगांबरोबर फिरतो. खात्रीची कसोटी मिथेन फिल्टरची. हा फिल्टर प्रकाशाचा एकच रंग आत येऊ देतो. गुरूच्या वातावरणातला मिथेन वायू सूर्यप्रकाशातला नेमका तो रंग शोषतो, त्यामुळे या फिल्टरमधून खोलवरचे ढग काळवंडतात आणि उंचावरची आघाताची धूळ उजळ दिसते. साध्या प्रकाशात काळा, मिथेनमध्ये पांढरा असा डाग दिसला तर तो बहुधा आघाताचाच.

१९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांनी असाच एक डाग शोधला. आघात कोणीही पाहिला नव्हता. नंतरच्या अभ्यासातून तो काहीशे मीटरच्या लघुग्रहाचा असावा असे दिसले. ३ जून २०१० रोजी उलट घडले. वेस्ली आणि फिलिपीन्समधील ख्रिस्तोफर गो यांनी चमक टिपली, पण हबल दुर्बिणीलाही मागे काही सापडले नाही. यावरून ती वस्तू लहान होती आणि ढगांच्या वरच जळून गेली, असा निष्कर्ष निघाला. म्हणून चमकेची बातमी आल्यावर काढलेल्या प्रतिमेत डाग नसेल, तरीही तारीख आणि वेळ लिहून ती जपून ठेवावी.