जेट बोट, सोनार आणि हवेचा बुडबुडा : पार्श्वभूमी

जेट बोटीला, म्हणजे उघड्या पंख्याऐवजी मागं फेकलेल्या पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या बोटीला, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधणारं सोनार बसवायचं ठरलं की सगळी चर्चा एकाच प्रश्नावर येऊन अडते. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परतलेला आवाज टिपणारा भाग, लावायचा कुठं? पंख्याच्या बोटीला मागच्या पाटीवर, पंख्यापासून जरा लांब पट्टी ठोकली की काम होतं. जेटला ते तसं जमत नाही. याचं कारण समजायला दोन्ही यंत्रं कुठल्या पाण्यात वाढली ते बघावं लागतं.

सोनार खोल समुद्रातलं. दाबलेल्या स्फटिकावर वीज तयार होते, हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं. 1912 मध्ये टायटॅनिक बुडालं आणि पाण्याखालचं काही आधी कळेल का, याचा शोध जोरात सुरू झाला. 1914 मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी अटलांटिकमध्ये हिमनगावर आपटून परतलेला आवाज टिपला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्झ स्फटिकाचा ट्रान्सड्यूसर घडवला. तोवर माशांचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. 1935 मध्ये नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी कॉड माशांच्या थव्याचे प्रतिध्वनी छापून दाखवले. 1948 मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी मच्छीमारांना परवडेल असं यंत्र बाजारात आणलं आणि 1959 च्या सुमारास अमेरिकेत लोरन्स यांची मासे शोधणारी हिरवी पेटी लहान होड्यांवर पोचली.

या सगळ्या इतिहासाचा गाभा मला हवेत दिसतो. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, पण हवा लागली की तिथूनच मागं फिरतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. कटला-रोहूचं मांस पाण्यासारखंच असल्यानं आवाजाला ते फारसं अडवत नाही. पडद्यावर जी कमान उमटते, ती मुख्यतः त्या पिशवीची. जी हवा मासा दाखवते, तीच ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी आली की पडद्यावर नुसता कचरा दिसतो.

जेट बोट नेमकी उलट्या ठिकाणची. न्यूझीलंडचे शेतकरी आणि यंत्रकार विल्यम हॅमिल्टन यांच्या घराजवळच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या; पंखा तिथं टिकेना. 1954 च्या सुमारास त्यांनी बोटीच्या तळातून पाणी ओढून मागून जोरात फेकणारं जेट जमवलं, आणि फवारा पाण्याच्या पातळीच्या वर काढल्यावर बोटीला खरा वेग आला. तळाखाली लोंबणारं काहीच उरलं नाही. 1960 मध्ये या बोटी कोलोराडो नदीत ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध चढल्या. 1977 मध्ये एडमंड हिलरी यांची मोहीम अशाच बोटींनी गंगासागरहून गंगेतून वर निघाली.

बेळगाव जिल्ह्यात ही दोन्ही पाणी आहेत, म्हणून मला हा विषय आपला वाटतो. घटप्रभेवरचं हिडकल आणि मलप्रभेवरचं नविलुतीर्थ या धरणांचे फुगवटे खोल. चिकोडी, रायबाग, अथणीकडं कृष्णा रुंद आणि गढूळ. दूधगंगेसह तिला पूर आला की कल्लोळ-येडूरचा बंधारा पाण्याखाली जातो. 2005 आणि 2019 चे पूर इथल्या लोकांच्या अजून डोळ्यांसमोर आहेत. बंधारा, विजेच्या तारा, उसाचा फड पाण्याखाली असताना उघडा पंखा धोक्याचा. तिथं जेट बरं, आणि खाली काय आहे ते सांगणारं सोनार त्याहून गरजेचं. पण जेट पाण्याबरोबर पाचट आणि जलपर्णीही ओढतं, हे विसरून चालणार नाही. गुळाच्या काहिलीतून नदी ओलांडणारी माणसं या भागात होती. त्यांच्या नातवंडांनी चांगली बोट मागितली तर ती मागणी रास्तच आहे.

आता बसवण्याचं. पाणी ओढणाऱ्या जाळीच्या पुढं ट्रान्सड्यूसर लावला तर त्याच्यामागं उठणारा फेस थेट पंपात जातो आणि जोर घटतो. फवाऱ्याच्या मागं लावला तर बुडबुड्यांशिवाय काही दिसत नाही. म्हणून जागा उरते ती मागच्या पाटीवर एका कडेला, रिव्हेटच्या आणि तळावरच्या पट्ट्यांच्या रेषेतून बाहेर, तोंड तळाच्या किंचितच खाली. तिथंही बिजागरीची पट्टी हवी, म्हणजे दगड लागला की ट्रान्सड्यूसर तुटण्याऐवजी वर उचलला जाईल. छिद्र पाडण्याआधी बोट पाण्यात पळवून, कुठलं पाणी तळाला चिकटून सलग निघतंय ते डोळ्यांनी बघावं. हे काम घाईत उरकू नये, असं माझं ठाम मत आहे.

भरीव फायबरच्या तळाला ट्रान्सड्यूसर आतूनच इपॉक्सीत चिकटवता येतो, फक्त तो थोड्या कमी खोलीपर्यंत बघतो. आत फोम असलेल्या तळाला हे चालत नाही, कारण फोम म्हणजे पुन्हा हवाच. ॲल्युमिनियमच्या तळातून भोक पाडून कांस्याचा ट्रान्सड्यूसर बसवू नये. दोन धातूंमध्ये पाणी आलं की ॲल्युमिनियम गंजत जातं.

उथळ पाण्यात अपेक्षाही बेताची ठेवावी. 20 अंशांचा आवाजाचा झोत 30 मीटर खोलीवर तळाशी साधारण साडेदहा मीटरचं वर्तुळ बघतो. 3 मीटरवर जेमतेम एक मीटर. हिडकलच्या मध्यावर जे यंत्र थवा दाखवेल, ते कृष्णेच्या कडेला बोटीखालचा एखादाच मासा दाखवेल. तिथं बाजूला बघणारं सोनार जास्त उपयोगी, पण ते तळातून आरपार चालत नाही, त्याला बाहेर पाण्यातच जागा द्यावी लागते.