द प्लॅटर्स

अमेरिकेतील डू-वॉप (अनेक आवाजांच्या मेळावर उभी लोकप्रिय गायनशैली) शैलीचा गायकवृंद. लॉस एंजेलिसमध्ये १९५० च्या दशकाच्या आरंभी स्थापना. नाव हर्ब रीड यांनी सुचविले. १९५५ च्या सुमारास ठरलेल्या प्रसिद्ध संचात टोनी विल्यम्स (मुख्य आवाज), डेव्हिड लिंच, पॉल रॉबी, झोला टेलर आणि खर्जाचे गायक रीड असे पाच जण होते.

वृंदाचे व्यवस्थापक व गीतकार बक रॅम यांनी या आवाजांना वळण लावले. ‘ओन्ली यू’ हे गीत आधी फेडरल या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाले, पण तेथे त्याचे काही झाले नाही. त्याच सुमारास मर्क्युरी ही ध्वनिमुद्रिका कंपनी ‘अर्थ एंजल’ या गीतामुळे गाजलेल्या पेंग्विन्स या वृंदाला करारबद्ध करू पाहत होती. पेंग्विन्सचे व्यवस्थापकही रॅमच होते. पेंग्विन्स हवे असतील तर प्लॅटर्सनाही घ्या, असा आग्रह त्यांनी धरला. पेंग्विन्सना मर्क्युरीत पुन्हा तसे यश लाभले नाही. नव्याने ध्वनिमुद्रित केलेले ‘ओन्ली यू’ मात्र १९५५ मध्ये देशभर पोचले. त्यानंतर ‘द ग्रेट प्रिटेंडर’ आणि ‘माय प्रेअर’ (१९५६), ‘ट्वायलाइट टाइम’ (१९५८) व ‘स्मोक गेट्स इन युअर आईज’ (ध्वनिमुद्रिका १९५८, अग्रस्थान १९५९) ही चार गीते लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. यांतील शेवटची तीन जुनीच होती.

डू-वॉपचा उगम शहरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांत, रस्त्याच्या कोपऱ्यावर वाद्यांवाचून गाणाऱ्या पोरांत. तेथे निरर्थक अक्षरांचे ठेके वाद्यांची जागा घेत. प्लॅटर्सच्या गाण्यात तो खेळ थोडा आणि तंतुवाद्यांची साथ अधिक. त्यांना डू-वॉपचे सर्वांत सोज्ज्वळ रूप म्हणता येईल. गोऱ्या श्रोत्यांनी, त्यांच्या आईवडिलांनीही, त्यांना सहज आपलेसे केले, ते यामुळेच. विल्यम्स यांचा हुंदक्याच्या काठावरून वर चढणारा स्वर ही वृंदाची खरी ओळख.

ऑगस्ट १९५९ मध्ये सिनसिनाटीत चारही पुरुष गायकांना अनैतिक वर्तनाच्या आरोपावरून अटक झाली. सोबतच्या स्त्रियांपैकी काही गोऱ्या असल्याने गवगवा अधिकच वाढला. डिसेंबरमध्ये ते निर्दोष सुटले, पण दरम्यान अनेक रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी वाजविणे थांबविले होते. १९६० मध्ये विल्यम्स बाहेर पडले. नवे गायक सॉनी टर्नर यांच्यासह ‘विथ धिस रिंग’ (१९६७) गाजले, तरी पूर्वीचा दबदबा परतला नाही.

१९५६ मध्ये सदस्यांनी नावाचा हक्क समभागांच्या मोबदल्यात रॅम यांच्या कंपनीकडे सोपविला होता. पुढे एकेक जण वेगळा झाला, तसे त्याच नावाचे अनेक वृंद निरनिराळ्या रंगमंचांवर गाऊ लागले आणि नाव कोणाचे, यावरून कित्येक दशके दावे चालले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये (या संगीतातील मान्यवरांच्या गौरवासाठीची संस्था) १९९० साली वृंदाचा समावेश झाला. प्रसिद्ध संचातील अखेरचे हयात गायक रीड यांचे निधन २०१२ मध्ये झाले. ते निवर्तल्यावरही नावाचा खटला न्यायालयात सुरूच होता.