उणे तीस सोसणारी वेल उणे दोनला का हरते?

हार्डी किवी म्हणजे किवीची लहान फळांची, थंडी सोसणारी वेल. तिच्या रोपासोबत येणाऱ्या चिठ्ठीवर ‘उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते’ असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. पण त्यावर विसंबून निर्धास्त झालेल्या माणसाला वसंतातली एकच रात्र रडवते. पारा उणे दोनपर्यंत उतरतो आणि आदल्या संध्याकाळी टवटवीत असलेले बोटभर कोंब सकाळी काळपट, लिबलिबीत होऊन लोंबत असतात.

सारा खेळ पाण्याचा आहे. शरदात दिवस लहान होऊ लागले की वेल वाढ थांबवते, पानं गाळते आणि साठवलेल्या स्टार्चची साखर करू लागते. कडाका वाढला की पेशींतलं पाणी झिरपून बाहेर, दोन पेशींमधल्या फटींत जातं आणि तिथे गोठतं. आत उरतो साखरेचा दाट रस. तो सहजी गोठत नाही. बर्फ होतो, पण पेशीच्या बाहेर. वसंतातल्या कोंबाची गत उलटी. तो पेशींत पाणी भरभरूनच वाढत असतो, साखर खर्च झालेली असते, रस पातळ झालेला असतो. अशा पेशीत बर्फाने शिरकाव केला की तिची नाजूक आवरणं फाटतात.

त्यात ही वेल उतावळी. थंडीचा ठरावीक कोटा पूर्ण झाला, की चार उबदार दिवसांवर भाळून ती फुटते. फुलं येतात ती गेल्या वर्षीच्या काडीवर फुटणाऱ्या याच नव्या कोंबांच्या बुडाशी. म्हणजे कोंब गेला की त्या वर्षीचं फळही गेलं. वेल मरत नाही, मागचे राखीव डोळे फुटून पुन्हा हिरवळ दिसते. पण त्या फुटव्यावर फुलं फारशी नसतात.

म्हणून थंड प्रदेशात ‘उबदार कोपरा’ शोधून वेल लावणं मला चुकीचं वाटतं. दिवसभर ऊन खाणारी भिंत वेलीला वेळेआधी जागं करते. त्यापेक्षा जरा उशिरा तापणारी जागा बरी. उत्तर गोलार्धात उत्तरेकडचा उतार. खोलगट भाग मात्र टाळायचा, कारण रात्री थंड हवा जड होऊन पाण्यासारखीच तिथे जाऊन साचते.

बागायतदार आणखी एक युक्ती करतात. गोठवणाऱ्या रात्री ते वेलींवर सतत पाण्याचे तुषार उडवतात. ऐकायला अघोरी वाटतं, पण एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर टाकतं, आणि बर्फाच्या कवचातला कोंब शून्याच्या आसपास टिकून राहतो. पाणी मध्येच बंद पडलं तर मात्र घात. बाष्पीभवन याच्या कितीतरी पट उष्णता ओढून घेतं आणि कोंब आणखी गार पडतो.

कोंब वाचले, फुलं आली, तरी फळाची खात्री नाही. या वेलीत नर आणि मादी वेगळ्या; सहा ते आठ माद्यांमागे एक नर पुरतो. मादीचं फूल जवळून पाहा: मधोमध पांढऱ्या चक्रासारखं पसरलेलं स्त्रीकेसर आणि भोवती व्यवस्थित पुंकेसर, त्यांवर परागही. पण ते पराग वांझ. फुलात मध जवळजवळ नसतोच, तेव्हा मधमाशी येते ती परागासाठी. मादी खोटा माल मांडून तिला बोलावते. ‘इस्साई’ नावाचं जपानी वाण एकट्यानेही फळतं, पण थंडी सोसण्यात ते कमी पडतं.

आधाराबाबत कंजुषी नको. एका मोसमात काही मीटर वाढणारी ही वेल तकलादू मांडव सहज जमीनदोस्त करते. जपानमधल्या इया खोऱ्यात नदीवर सुमारे ४५ मीटर लांबीचा झुलता पूल आहे, तो याच वेलीच्या जाड दोरांनी विणतात आणि दर तीन वर्षांनी नव्याने बांधतात. (आता सुरक्षेसाठी आत पोलादी तारा असतात.) छाटणी ऐन हिवाळ्यात उरकावी, रस चढू लागल्यावर कात्री लावली तर कापातून दिवसेंदिवस पाणी ठिबकत राहतं. मुळांशी पाणी तुंबू द्यायचं नाही, ती चटकन कुजतात.

लागवडीनंतर पहिलं फळ दिसायला साधारण तीन ते पाच वर्षं जातात. ते द्राक्षापेक्षा जरासं मोठं, बिनलवीचं, सालीसकट तोंडात टाकण्याजोगं. शरदातली थंडी कधी गाठेल याचा नेम नसतो, म्हणून सगळी फळं वेलीवर मऊ होईपर्यंत थांबायचं नाही. एक कापून पाहायचं. बिया काळ्या झाल्या असतील तर बाकीची टणक असतानाच उतरवून घ्यायची आणि शीतकपाटात ठेवायची. लागतील तशी बाहेर काढली की काही दिवसांत मऊ आणि गोड होतात.