यारी (क्रेन) : बांधकामावरील सुरक्षित चालन

तुळया, तयार काँक्रीटचे भाग, यंत्रसामग्री इ. जड वस्तू उचलताना यारी कलंडू नये, मोडू नये आणि आसपासच्या माणसांना इजा होऊ नये यासाठी पाळावयाची कार्यपद्धती. येथे मुख्यतः फिरत्या (चाकांवरील), क्रॉलर (साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या) व टॉवर (उंच मनोऱ्यावरील) याऱ्यांचा विचार केला आहे.

यारीचा उगम ग्रीक असल्याचे सामान्यतः मानतात; काळाबद्दल मात्र एकमत नाही. दगडांवरील चिमट्यांच्या व उचल-खिळीच्या (दगडात अडकवून तो उचलण्याच्या धातूच्या खिळीच्या) खाचांवरून जे. जे. कूल्टन यांनी तो इ. स. पू. सु. ५१५ असा धरला. आलेस्सांद्रो पिएरात्तिनी यांनी २०१९ मध्ये कॉरिंथ व इस्थमिया येथील मंदिरांच्या दगडांवरील दोराच्या खोबणींच्या आधारे उचलण्याचे साधन इ. स. पू. सातव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे नेले. परंतु त्या साधनात विंच (दोर गुंडाळण्याचा रहाट) व कप्पीसंच असल्याचा पुरावा नाही. ते यारीचे पूर्वरूप म्हणता येईल. खऱ्या यारीसाठी कूल्टन यांचाच काळ अधिक सावध वाटतो. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हिअसने (इ. स. पू. पहिले शतक) एकखांबी, अनेक कप्प्यांच्या यारीचे वर्णन करताना ती केवळ जाणकारांनीच हाताळावी असे म्हटले आहे. चालकाच्या कौशल्याचा हा बराच जुना उल्लेख होय. आधुनिक बांधकामात टॉवर यारीचा प्रसार १९४९ मधील हान्स लीबहेर यांच्या सहज उभारता येणाऱ्या यारीनंतर झाला.

यारीची क्षमता नुसत्या टनांत सांगणे अपुरे असते, कारण निर्णायक राशी भार-परिबल (भार × त्रिज्या) ही आहे. १० टनांचा भार ६ मी. त्रिज्येवर जेवढे परिबल देतो, तेवढेच ५ टनांचा भार १२ मी. वर देतो. त्रिज्या ही वळणाच्या अक्षापासून हुकातून जाणाऱ्या लंबरेषेपर्यंतचे आडवे अंतर होय. भार उचलताच बूम (यारीचा लांब हात) लवते व त्रिज्या थोडी वाढते, म्हणून ती भार लोंबत असतानाची धरतात. मात्र या गुणाकारावरून क्षमता-तक्ता (कोणत्या त्रिज्येवर किती भार उचलता येईल ते सांगणारा) तयार करता येत नाही. लहान त्रिज्येवर मर्यादा बूमच्या बळकटीने ठरते, तर मोठ्या त्रिज्येवर स्थैर्याने. पहिल्या प्रकारात यारी कलंडण्याची चाहूल न देताच बूम मोडू शकते. ‘चाक उचलले की थांबू’ ही समजूत तेथे घातक ठरते. स्थैर्याची मर्यादा अमेरिकेत कलंडण्याच्या भाराच्या (ज्या भाराला यारी कलंडते त्याच्या) टक्केवारीत देतात : क्रॉलरसाठी ७५, आउटरिगरवरील (बाजूला पसरणाऱ्या आधार-पायांवरील) यारीसाठी ८५. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) ४३०५ या मानकातील रीत भाराच्या सव्वापटीत बूमच्या वजनाचाही अंश मिळवते; लांब बूमसाठी ती अधिक तर्कशुद्ध आहे. तक्त्यातील आकड्यातून हुक-ब्लॉक (हुक व कप्प्यांचा ठोकळा) व स्लिंग (भार हुकाला अडकवण्याचे दोर वा साखळ्या) यांचे वजन वजा करावे लागते.

जमिनीकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होते. बूम एखाद्या कोपऱ्यावर वळली की त्या बाजूच्या आउटरिगरवर एकूण वजनाचा मोठा वाटा येतो. भर घातलेले चर, पुरलेले नळ व खोदाईची कड यांजवळ हा दाब जमीन सोसेलच असे नाही. म्हणून पायाखाली रुंद पाट घालून यारी समतल ठेवतात. स्लिंगचा कोनही तितकाच महत्त्वाचा : दोन पदरी स्लिंग आडव्याशी ६०° कोन करीत असेल तर प्रत्येक पदरावर भाराच्या सु. ०·५८ पट ताण येतो, ३०° वर पूर्ण भाराइतका.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि रुंद, हलके भाग शिडासारखे काम करतात. १४ जुलै १९९९ रोजी मिलवॉकी येथे स्टेडियमच्या छताचा भाग उचलताना मोठी यारी कोसळून तीन कामगार मरण पावले. उचललेल्या भागावरील वाऱ्याचा जोर पुरेसा हिशेबात घेतला नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये मक्केत वादळी वाऱ्यात क्रॉलर यारी पडून शंभराहून अधिक बळी गेले. तीत काम बंद असताना बूम खाली उतरवलेली नव्हती. टॉवर यारीचा जिब (आडवा हात) याउलट काम बंद असताना वाऱ्याबरोबर मोकळा फिरू देतात.

इशारे एकाच सिग्नलमनने द्यावेत, पण ‘थांबा’ हा इशारा कोणीही दिला तरी पाळावा, असा संकेत आहे. ५० किलोव्होल्टपर्यंतच्या वीजतारांपासून अमेरिकी नियमांत किमान सु. ३ मी. अंतर सांगितले आहे. वायर रोप (पोलादी तारांचा दोर) केव्हा बाद करावा याचे निकष आयएसओ ४३०९ मध्ये आढळतात.