घरगुती वायरिंगची परवानगी (सांगली)

घरात दिव्यांची नवी वायरिंग करणे, जुनी बदलणे किंवा पॉइंट वाढवणे, यांवर कायद्याने घातलेल्या अटी. सांगलीत घराच्या आत दिवे लावण्यासाठी त्या कामापुरता वेगळा परवाना मिळत नाही आणि मागावाही लागत नाही. नुसती वायरिंग बदलायची असेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगीचाही संबंध येत नाही. परवाना लागतो तो काम करणाऱ्या माणसाला. ही गोष्ट नीट माहीत नसल्याने 'परवानगी लागत नाही, म्हणजे कोणीही करावे' असा सोयीचा अर्थ सर्रास काढला जातो.

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतील नियम ४५ पासून हे तत्त्व चालत आले आहे. विद्युत अधिनियम, २००३ लागू झाल्यावर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुढे २०२३ मध्ये सुरक्षा विनियम काढले. त्यांतही ते कायम राहिले. ग्राहकाच्या जागेतील वायरिंगचे नवे काम, वाढ, बदल किंवा दुरुस्ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारामार्फतच व्हावी लागते. देखरेखीला प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक हवा आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना हवा. ही तिन्ही कागदपत्रे राज्याच्या ऊर्जा विभागाकडील अनुज्ञापक मंडळ देते.

यातून सूट आहे ती दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या वस्तू बदलण्याला, तीही मूळ मांडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नसेल तरच. होल्डरमधला बल्ब काढून एलईडी लावायला कोणाला विचारायचे कारण नाही. मात्र त्याच खोलीत फॉल्स सीलिंग करून आठ पॅनेल दिवे बसवायचे, भिंतीला झिरी मारून नवा बोर्ड घ्यायचा किंवा फाटकावरच्या दिव्यासाठी अंगणातून केबल न्यायची, तर ते परवानाधारकाचे काम होते. एलईडीमुळे भार वाढण्याऐवजी बहुधा कमीच होतो, त्यामुळे दिव्यांच्या कामात मंजूर भाराची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती जोडांमध्ये. छताच्या पोकळीत चिकटपट्टी गुंडाळून सोडलेला जोड पुन्हा कोणाच्या नजरेस पडत नाही.

सांगलीत मजुरी पॉइंटप्रमाणे ठरते आणि घरमालकाची सगळी घासाघीस त्या एका आकड्यावर चालते. परवान्याचा विषय निघतो तो मीटर घ्यायच्या वेळी. नव्या जोडणीसाठी महावितरणकडे ए-वन अर्ज करताना ठेकेदाराच्या सहीशिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. वायरिंग एकाने करायची आणि घर न पाहताच दुसऱ्याने रिपोर्टवर सही करायची, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. उद्या अपघात झाला तर जबाबदारी त्या सहीवर येते, हे सही करणारा सोयीस्कर विसरतो. सांगली मंडल महावितरणच्या कोल्हापूर परिमंडलात येते. मीटर आणि त्याच्या अलीकडची सेवावाहिनी (खांबावरून येणारी तार) महावितरणची, तर मीटरच्या पुढचे सारे ग्राहकाचे. मीटरचे सील तोडण्याचा अधिकार ग्राहकालाही नाही आणि त्याच्या वायरमनलाही नाही.

खऱ्या टेस्ट रिपोर्टमागे मोजमाप असते. दिवे काढून, बटणे चालू ठेवून, मेन बंद करून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) एक मिनिट इन्सुलेशन तपासतात. रोध किमान १ मेगओहम यावा लागतो. त्याशिवाय बटण फेजवरच आहे ना, अर्थिंग जमिनीपर्यंत पोचते ना, हेही पाहतात. जुन्या वाड्यांत न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडलेले आढळते, आणि न्यूट्रल तुटला की फ्रिजपासून गिझरपर्यंत प्रत्येक लोखंडी अंगात वीज येते. दिव्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट हा रूढ दंडक आहे. दिव्यांना सहसा दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. घरातील गळतीपासून रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारे उपकरण) बसवतात.

या तपासणीचे महत्त्व सांगलीला पुराने पटवले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी धोका पातळीच्या वर गेले आणि नदीकाठच्या वस्त्यांतील घरे बुडाली. पाणी ओसरल्यावर भिंती चार दिवसांत सुकल्यासारख्या दिसतात, पण कन्सिल्ड (भिंतीत दडवलेल्या) फिटिंगच्या पाइपात आणि बोर्डाच्या डबीत गाळ व ओल मागे राहते. मेन चढवला की आरसीसीबी पडतो, आणि आरसीसीबी नसेल तर ओली भिंतच झटका देऊ शकते. म्हणून पूर आलेल्या घरात वीज सुरू करण्यापूर्वी सर्किट एकेक करून मेगरने तपासणे हाच शहाणपणा. खालच्या मजल्याचे सर्किट वरच्यापासून वेगळे असेल तर निदान वरचे दिवे लवकर लागतात. पूरपट्ट्यात नवे काम काढताना बोर्ड आणि मीटर उंच घ्यावेत, तारा वरून खाली उतरवाव्यात. कोणताही विनियम सांगलीकरांना हे वेगळे सांगत नाही.

विद्युत निरीक्षकाचा संबंध साध्या घराला येत नाही. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर मात्र त्यांना आगाऊ कळवावे लागते आणि त्यांच्या तपासणीनंतरच पुरवठा सुरू होतो. घरगुती मीटरवरून तळमजल्यावरच्या दुकानाचे दिवे चालवले, तर परवानाधारकाने केलेली निर्दोष वायरिंगही कामाला येत नाही. ते विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात मोडू शकते आणि तसे ठरल्यास आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. खांबावर आकडा टाकणे ही कलम १३५ खाली चोरी असून तिला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सण-समारंभाच्या मांडवासाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते.