नाणेघाटाचा उलटा धबधबा : गाडी काढण्याआधी वाचा

दर पावसाळ्यात सकाळी फोन येतो, "आम्ही पोहोचलो, तुम्ही कुठे आहात?" मंडळी उभी असतात वैशाखऱ्याजवळ, कल्याण-नगर रस्त्यावर, घाटाच्या पायथ्याशी. आम्ही वाट बघत असतो माथ्यावर. मोबाइलच्या नकाशात नुसतं 'नाणेघाट' टाकलं की हे होतं. ही जुनी पायवाट आहे, गाडी खालून वर येत नाही. मग माळशेज चढून जुन्नरकडून वळसा घालायचा, आणि त्यातच अर्धा दिवस जातो. तेव्हा नकाशात 'घाटघर, तालुका जुन्नर' असंच टाका. तालुका गाळू नका. भंडारदऱ्याजवळही एक घाटघर आहे. जुन्नरहून चावंडमार्गे साधारण ३० किलोमीटर. खालूनच चढायचं असेल तर बुकिंगच्या वेळी सांगा, वाटाड्या वैशाखऱ्यात थांबवू.

दुसरा प्रश्न, "पाणी नक्की उलटं जाईल ना?" नैर्ऋत्येचा वारा कोकणातून येऊन कड्यावर आदळतो आणि पुढे वाट नसल्याने सरळ वर उसळतो. कड्यावरून पडणारी धार बारीक असेल तर तो तिला उचलून पठारावर परत फेकतो. कडेपासून लांब उभं राहिलं तरी हनुवटी खालून भिजते! वारा पडला की तीच धार गुमान खाली जाते. पाऊस फार झाला तर पाणी जड होतं, आणि धुक्यात समोरचा माणूसही दिसत नाही. म्हणून आम्ही वेळेची हमी देत नाही, पण माथ्यावर दोन तास थांबतो. घाईच्या सहलीत हे मिळत नाही.

ते दोन तास वाया जात नाहीत. नानाचा अंगठा हा अंगठ्यासारखा कडा, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण, नळीच्या, म्हणजे घाटाच्या अरुंद घळीच्या, तोंडाशी सातवाहनांची राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेली गुहा, हे सगळं चालत दाखवतो. धुकं फाटलं की जीवधन किल्ला आणि त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका दिसतो. परतताना पूरच्या कुकडेश्वराला थांबतो. तिथली कुकडी पुढे घोड, भीमा करत बंगालच्या उपसागराला मिळते; कड्यावरून खाली गेलेलं पाणी मात्र अरबी समुद्राला.

कड्याच्या कडेला आम्ही कुणालाच जाऊ देत नाही, फोटोसाठीही नाही. यावरून ग्राहक रागावतात, तरी हा नियम बदलणार नाही. शेवाळलेल्या कातळावर बूटही घसरतो. प्रशासनाने बंदी घातली तर तारीख पुढे देतो किंवा पैसे परत करतो.

छत्री आणू नका, पहिल्याच झोतात उलटी होते. रेनकोट विसरलात तर आमच्याकडे भाड्याने मिळेल.